गाळलेली टीप

१९८७ साली धरमपेठेतल्या ऑफिसात मी आणि रामटेके पंपांची माहितीपुस्तकं कॉम्प्युटरवर छापायचो. मजकुरातल्या खुणा वाचून मथळे, परिच्छेद पाडायचे आणि फक्त आमच्यासाठी लिहिलेल्या टिपा गाळायच्या, एवढंच आमच्या प्रोग्रॅमचं काम.

त्या दुपारी गाळलेल्या टिपेच्या कोऱ्या जागेवरही प्रिंटरच्या सुया खडखडल्या.

"तुम्ही यात काही लपवून राहिले का जी?" मी विचारलं.

"मी काहून लपवू? टिपा तर तुम्हीच लिहिता."

रामटेकेने कागद फाडून घेतला, त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि जरा थांबला.

"कोरं आहे," तो म्हणाला.

मग मी बोट फिरवलं. कागदावर शाईशिवाय नुसती अक्षरं टोचली होती : दुसऱ्याला सांगू नकोस.

रामटेके माझ्याकडेच बघत होता.

"कोरंच आहे," मी म्हणाले.