पाणी सोडायचा दिवस

नळ बंद होता. रिम्माने तो आधी हाताने चाचपला, मग चष्मा लावून पाहिला. घराच्या भिंतीजवळचा बंद. काकडीच्या वाफ्याकडचा बंद. न्हाणीघरामागचा तर घट्ट आवळलेला. म्हणजे सगळा कारभार आटोपला. ती पायरीवर मटकन बसली.

पेर्म शहराबाहेरच्या या बागांच्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. शेवटचे बटाटे काढून झाले की नळ उघडे टाकून शहरात परतायचं. पाइपातलं पाणी निथळून गेलं पाहिजे. राहिलं, तर हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो आणि बर्फ लोखंडालाही उभं चिरतो. मग मे महिन्यात यायचं, नळ बंद करायचे आणि वसाहतीचा सामाईक पंप सुरू व्हायची वाट बघायची. हे काम तिच्या नवऱ्याचं, अर्काडीचं. पण गेल्या शरदात अर्काडी इस्पितळात होता आणि रिम्मा त्याच्या खाटेशी. नळ कुणाला आठवणार? नवं वर्ष लागण्याआधीच तो गेला.

तेव्हा नळ उन्हाळ्यात होते तसेच राहिले, पाइप भरलेलेच गोठले आणि फुटले असणार. कुठे कुठे फुटले, एवढंच आता पाणी आल्यावर कळायचं होतं.

तिने मुलाला फोन लावला.

"ग्लेब, नळ बंदच राहिलेत रे."

"मग? ठरल्याप्रमाणे करायचं?" तो म्हणाला. "पाइप फुटले असतील तर बाग विकायची, हे तू म्हणाली होतीस. उद्या माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

"नाही फोडत. आज पाणी सोडतायत. एकदा डोळ्यांनी बघते, मग कर त्या गिऱ्हाइकाला फोन."

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. ती थकली होती. दोन पिशव्या घेऊन बस बदलायला थकली होती, गुडघे धरून वाफ्यात बसायला थकली होती, आणि दाराआड उभे असलेले अर्काडीचे चिखलाचे बूट बघायला तर फारच थकली होती. या वर्षी तिने शहरातल्या घरच्या खिडकीत टोमॅटोची रोपंसुद्धा लावली नव्हती. फक्त 'विकते' असं आपणहून म्हणायची हिंमत होत नव्हती. ते पाइपांनी म्हणावं, अशी तिची इच्छा होती.

कुंपणापलीकडे फाइना कार्पोवना कांद्याचा वाफा खणत होती. तिने मान वर केली नाही. कुंपण वीतभर इकडे की वीतभर तिकडे, यावरून दोघींचं वाजलं होतं, त्याला आता जमाना झाला. तेव्हापासून एक अक्षर नाही. सांगण्यासारखं काही असलंच तर फाइना ते आपल्या मांजराला सांगायची. "काही लोकांना तण उपटायला सवड नसते हो, मनीबाई." लेकी बोले सुने लागे. अर्काडीच्या मयताला ती आली होती. कोपऱ्यात उभी राहिली, माती टाकली आणि न बोलता गेली. ती हिवाळ्यातही इथेच राहायची. शहरात तिचं कुणी नव्हतं.

वसाहतीच्या फाटकाजवळ टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कुणीतरी हातोडा मारला. पाणी सुटल्याची ती खूण.

रिम्मा उठून भिंतीला धरून उभी राहिली. पाइप आधी खोकला, मग गुरगुरला, मग थरथरला. आता कुठूनतरी पिचकारी उडणार. ती थांबली. मग पाइपावर हात फिरवत वाफ्यापर्यंत गेली, तिथून न्हाणीघरामागे गेली. पाइप गारढोण होता, पण कोरडा. ती परत आली आणि भिंतीजवळचा नळ सोडला. तांबडं, गंजाळलेलं पाणी भसाभसा आलं. थोड्या वेळाने ते स्वच्छ झालं.

तिला आनंद झाला नाही. तिला राग आला.

"फुटायला काय धाड भरली होती?" ती पाइपावरच खेकसली.

"फुटतील कशाला? हिवाळाभर रिकामे होते ते," कुंपणापलीकडून आवाज आला.

रिम्माने वळून पाहिलं. फाइना फावड्यावर रेलून उभी होती. मांजर आसपास कुठेच नव्हतं.

"रिकामे? कुणी केले?"

"पहिल्यांदा दव गोठलं, तरी तुमच्याकडे सामसूम. मग मीच कुंपणाची फळी सरकवून आत आले आणि उघडले तिन्ही. काल संध्याकाळी बंद केले. नाहीतर आज तुझं पाणी माझ्या कांद्यात शिरलं असतं."

"मी सांगितलं होतं तुला?" रिम्माचा आवाज चिरकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने बाहीने पुसलं. "अगं, मी सुटणार होते आज. पाइप फुटले असते तर विकून मोकळी होणार होते. दमलेय मी, कार्पोवना. एकटीने नाही होत आता. तुला कुणी सांगितला हा नसता उपद्व्याप?"

"कुणी नाही." फाइनाने फावड्याला लागलेली माती बुटाच्या टाचेने खरवडली. "अर्काडी परत येत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि फुटके पाइप बघितले असतेस तर तूही परत आली नसतीस."

"मग? तुला काय त्याचं? तुझं माझं बोलणं तरी आहे का?"

"तेच म्हणते मी. तू गेल्यावर मी अबोला कुणाशी धरायचा?"