काळ्या कापडातल्या गिटारी

बस रे, असा माझ्या बारच्या दारात उभा राहू नको. समोरच्या घरातून हे गाणं येतंय ना, त्याचीच गोष्ट सांगतो. बार्सिलोनातल्या या आमच्या चौकानं आठ वर्षांत ते ऐकलं नव्हतं.

घर रेमेईचं. नवरा खुस्तो आणि तीन पोरं मिळून रुंबा वाजवायची. खुस्तोचा उजवा हात पंख्यासारखा फिरायचा. तारा छेडता छेडता तोच हात गिटारीच्या लाकडावर ढोल वाजवायचा. टाळ्या रेमेईच्या. लंगडी माणसं काठी टाकून नाचायची, खोटं नाही सांगत.

मग एका सकाळी रेमेई काळे कपडे घालून दारात आली. आम्हा जिप्सी लोकांत सुतक म्हणजे गाणं बंद, रेडिओसुद्धा नाही. मेलेल्या माणसाचं नावपण घेत नाहीत. तिनं गिटारी काळ्या कापडात बांधल्या, आणि खुस्तोचं नाव त्या घरात परत निघालं नाही.

परवा नातीला, सरायला, मागणी आली. मुलाचा आजा सबासकाका फ्रान्सच्या बाजूनं आलेला. घर बघून त्यानं टोपीच काढली.

"वहिनी, असं सुतक पाळणारं घर आता उरलं नाही. पण नातीसाठी सोडा की."

"नाही सुटत."

"अहो, मेलेला माणूस कधी लग्नाच्या आड येतो का?"

"माझा येतो."

"मग आमचा पोरगा मुक्या घरातून बायको नेणार नाही!"

थोरला बास्तिया कळवळला. "आई, बोटं गंजली गं आमची."

"गंजू देत. चांगल्या बोटांनी काय दिवे लावले?"

सराय आजीच्या पायाशी बसली. "आजी, तुझ्या टाळ्या नसतील तर मला लग्नच नको."

म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग उठली आणि कापडाच्या गाठी आपल्याच हातानं सोडल्या.

ऐक आता! हा धाकट्याचा गळा. बसलेला, खरखरीत, पण काळजात हात घालतो. आणि या टाळ्या ऐक, दोन हातांत चौघींचं बळ आहे. सबासकाका तर आनंदानं, आमच्या लग्नाच्या रीतीनं, अंगावरचा शर्ट फाडत सुटलाय.

तू यायच्या जरासं आधी रेमेई खिडकीत आली. अंगात लाल झगा. तिथनंच मला ओरडली, "तोनेत! पोरांचा हात कच्चाच आहे अजून. त्याला म्हणावं, तोंड धू आणि ये!"

मला गल्ला सोडता येत नाही, भाऊ. तुझ्या मागच्या टेबलावर तोंड झाकून रडतोय ना, तोच खुस्तो. एका नाचणारीच्या मागं पळाला होता, तिनं हाकलल्यापासून इथंच बसतो. तेवढं त्याला हाताला धरून समोर नेतोस का?