नवा गेम जड आहे

“दाबलं की लगेच गेला पाहिजे ना पास!” रत्नपाल टीव्हीवर ओरडला. “हा बघ, आता जातोय. तोवर बॉल गेला पण!”

प्रांजलीने सहावा गोल मारला होता. आजवर फुटबॉलच्या एकाही गेममध्ये तिने दादाला हरवलं नव्हतं.

“आजच आणलाय, दादा. सवय होईल.”

“सवय कसली? प्लेअर वळतात कसे बघ. चिखलातून म्हशी हाकतोय असं वाटतं.”

“सगळे तर म्हणतात, मागच्यापेक्षा फास्ट आहे.”

“सगळ्यांना काय कळतंय?”

तीन महिने तो घरी होता. उरणच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता प्लास्टर निघालं होतं. उद्या सकाळी सातला त्याला न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर चढायचं होतं. रजा संपून हजर व्हायचा तो शेवटचा दिवस. नाही गेला तर क्रेनच्या केबिनमधली ती खुर्ची दुसऱ्याची. अख्ख्या वस्तीतून त्या खुर्चीपर्यंत पोचलेला तो एकटाच होता. क्रेनही दोन जॉयस्टिकवर चालते. “तुला खेळायचा पगार मिळतो,” असं मित्र त्याला चिडवायचे.

त्याचे वडील, बुधाजी, दाराशी बसून कामावरचे बूट घासत होते. त्यांचं कामही त्याच बंदरात, पण खाली. जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी जखडायचे आणि सोडवायचे. बावीस वर्षं. डोक्यावरून कंटेनर जात असला तरी खालच्याने आपलं काम करत राहायचं. खाली कोण आहे ते क्रेनवरचा माणूस बघतो.

पडद्यावर केशरी जर्सीतली इवलीशी माणसं पळत होती. रत्नपाल नेहमी केशरीच संघ घ्यायचा. केबिनच्या काचेतून खालची केशरी जाकीट घातलेली माणसं अशीच दिसतात, असं त्याने एकदा हसत सांगितलं होतं.

“तुझा रिमोट दे,” तो बहिणीला म्हणाला. “माझा बिघडलाय.”

त्यांनी रिमोट बदलले. बिघडलेल्या रिमोटवर प्रांजलीचा खेळाडू वाऱ्यासारखा सुटला. चौघांना चकवून गोलापाशी पोचला. तिथे ती जराशी थांबली आणि बॉल बाहेर मारला.

“मुद्दाम हरू नकोस!”

रत्नपालने पुन्हा मॅच लावली. सकाळपासूनची अकरावी. पंखा चालू असूनही त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

बुधाजी आता पडद्याकडे बघत नव्हते. ते मुलाचा उजवा अंगठा बघत होते. आधी बॉल निघून जात होता. अंगठा मग हलत होता.

“काय रं, गेम खराब हाय?”

“एकदम बकवास, आबा. जड आहे.”

बुधाजींनी हातातला बूट खाली ठेवला.

“उद्या मी पन सातच्याच पाळीत हाय. तुझ्याच क्रेनखाली. वर न बघता काम करीन, रोज करतो तसं. तू फकस्त खरं सांग. गेम खराब हाय का?”

प्रांजलीने मॅच थांबवली. केशरी माणसं होती तिथेच उभी राहिली.

रत्नपालने पडद्यावरच्या त्या इवल्याशा माणसांकडे बघितलं. मग त्याने डाव्या हाताने उजव्या हातातला रिमोट सोडवून घेतला आणि जमिनीवर ठेवला.

“न्हाय, आबा,” तो म्हणाला. “गेम चांगला हाय.”