बटणवाली

शर्यती सोडल्यावर हरिप्रसादराव दर रविवारी सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांमागच्या माळावर आपली जुनी टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाईक निव्वळ मजेसाठी उडवायला येत, आणि उरलेल्या वेळात इतरांची लायकी काढत. बटण दाबून गाडी चालू करणारी यामिनी तर त्यांच्या खास मर्जीतली.

"अय्यो, आली लिफ्टवाली! अगं, गाडीला किक मारायची असते. बटणं दाबायला तुझं ऑफिस आहे ना?"

त्यांची स्वतःची गाडी कायम टेकाडावर उभी. म्हाताऱ्याला आपल्या शेजारी गाडी लावायचीही लाज वाटते, असंच यामिनी समजत आली होती.

आज मात्र त्यांचं इंजिन खाली, ऐन सपाटीवर बंद पडलं. आता किक बघायला मिळणार म्हणून सगळे थांबले. रावांनी पाय उचलला, कळवळून गुडघा धरला आणि हळूच टेकाडाकडे पाहिलं. ते दर वेळी गाडी उतारावर सोडूनच चालू करायचे, हे यामिनीला तेव्हा कळलं. ती मागून गाडी ढकलू लागली.

 

"जोर लाव की गं!" मागे न बघताच ते खेकसले. "इथं बटण नसतं!"