जिभेची साक्ष

"ही अस्सल पोर्ट," पहिला पेला खाली ठेवत तोताराम आबा म्हणाले, "आणि ही दुसरी क्लॅरेट नव्हे. क्लॅरेटच्या बाटलीत मोहाची दारू, गूळ आणि जांभळाचा रस."

धुळ्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात कुजबूज झाली. आरोपीच्या पिंजऱ्यात रुपचंद दुकानदारानं मान खाली घातली.

रुपचंदचं परवान्याचं विलायती दारूचं दुकान होतं. बनावट माल विकतो म्हणून आबकारी खात्यानं धाड घातली, तेव्हा बाकीचा माल गटारीत पोचला होता. क्लॅरेटची चिठ्ठी लावलेली, गडद हिरव्या काचेची एकच बाटली हाती लागली. ताडून पाहायला म्हणून साहेबलोकांच्या क्लबातून पोर्टची बाटली मागवली होती. क्लॅरेट तिथेही शिल्लक नव्हती. मुंबईच्या रासायनिक तपासणीला महिना लागतो, त्यापेक्षा एखादा जाणकारच बोलवावा असं सरकारी वकिलांनी सुचवलं. मॅजिस्ट्रेटसाहेब पुण्याचे, चहाच्या पुढे कधी गेलेले नव्हते. त्यांनी होकार दिला.

पूर्व आणि पश्चिम दोन्ही खानदेशांत असा जाणकार एकच होता. बोदवडचे तोताराम आबा बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले होते. तीन वर्षांनी परत आले ते बॅरिस्टर न होताच. तेव्हापासून बोदवडच्या पारावर एकच प्रश्न होता, की आबांनी तिकडे केलं काय? त्याचं उत्तर आज सरकारी कागदावर चढणार होतं. रुपचंदला शिक्षा झाली की आबांची विलायत पावली.

आरोपीचे वकील लीलाधर साक्रीकडचे, मऊ आवाजाचे. ते अदबीनं उठले.

"आबा, चव वेगळी म्हणजे माल खोटा, असं कसं म्हणावं? तांबड्या वाइनचे दोन प्रकार असतात म्हणे."

आबांना हाच प्रश्न हवा होता.

"असतात ना. पोर्ट म्हणजे आपली खापरावरची पुरणपोळी समजा, तुपात बुडवलेली. गोड, जाड. जेवणानंतर थोडीशीच घ्यायची. घशातून उतरताना ऊब देत जाते. क्लॅरेट जेवणाबरोबरची. अंगानं हलकी, आंबूस, तुरट. कच्च्या जांभळासारखी दात धरते. गोडाचं नाव नाही."

"आणि ही?"

"हिच्यात गूळ आहे. मागून येतो."

"मागूनच येतो की आधी? वकिली पोटासाठी आहे आबा, राग नसावा. पुन्हा एकदा पाहता?"

पट्टेवाला भिकन पुढे झाला, त्यानं दोन्ही पेले भरले. आबांनी डोळे मिटून घोट तोंडात घोळवला.

"विलायतेत म्हणे चव घेऊन थुंकून टाकतात," लीलाधर म्हणाले.

"टाकतात. पण तिथे त्याला भांडं असतं."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी भिंतीवरच्या 'येथे थुंकू नये' या पाटीकडे पाहिलं. आबांनी कोर्टाची अदब राखून घोट गिळला.

"गूळ मागूनच येतो," ते म्हणाले.

रुपचंद पिंजऱ्यातून वाकून वकिलाच्या कानाशी लागला. पण दुकानदाराचा आवाज तो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत स्वच्छ आला. "वकीलसाहेब, हाऊ तर बठ्ठं खरं सांगी राहिना."

"सांगू दे की सगळं खरं," लीलाधर म्हणाले.

आबांना एवढं समाधान विलायतेहून परत बोदवड स्टेशनावर उतरल्यापासून मिळालं नव्हतं.

मग लीलाधरांनी आबांना पाठ फिरवून उभं केलं आणि पेल्यांची अदलाबदल करवली. आबांनी ओळखलं. मध्ये तोंड स्वच्छ करायला फुटाणे मागवले. फुटाण्यांनंतरही ओळखलं. पेला भरून खिडकीशी, वाऱ्यावर ठेवून झाला. आबांनी तो रिकामा करून सांगितलं की मोहाला वारा लागला तरी तो मोहच राहतो. या वाक्यावर कारकूनही हसला.

"एकट्याच्या जिभेवर माणूस तुरुंगात जातो आहे," लीलाधर हताशपणे म्हणाले. "निदान सरकारी वकिलांनी तरी खात्री करून घ्यावी."

सरकारी वकिलांनी कर्तव्य म्हणून घेतली. आबकारी इन्स्पेक्टरांनी जास्त कर्तव्य म्हणून मोठा पेला घेतला. दोघांनाही गूळ लागला.

"वकीलसाहेब, तुम्हीच का बघत नाही?" आबांनी टोला हाणला.

"मी माळकरी, आबा. तुमच्याच जिभेवर विश्वास. आता शेवटचं एकदा, माझ्या समाधानासाठी. नाही म्हणू नका."

खानदेशात आग्रह मोडण्याची रीत नाही. पंगतीत पानावर हात आडवा धरला तर वाढपी बोटांवरून वाढतो. आबांनी लीलाधरांचं मन राखलं, मग क्लॅरेट कोणत्या मांसाबरोबर घ्यावी हे मॅजिस्ट्रेटसाहेबांना इंग्रजीतून सविस्तर सांगितलं. आवाज चांगला लागला होता. कोर्टात माणसं दाराबाहेरपर्यंत उभी होती आणि त्यांत बोदवडची चार तोंडं आबांनी हेरली होती.

"लीलाधर, आणखी काही विचारायचं आहे?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टाक उचलला.

"नाही साहेब. आबांसमोर मी हरलो. अशी जीभ पुन्हा पाहायला मिळणार नाही." लीलाधरांनी हात जोडले. "फक्त एक विनंती. उद्या अपील झालं तर वरच्या कोर्टात आबांची जीभ दाखल करता यायची नाही. तेव्हा मुद्देमाल रीतसर मुंबईला तपासणीला जावा. तिथला दाखला आला की आरोपी शिक्षा भोगायला तयार आहे. नाही आला, तर मात्र त्याला सोडावं लागेल."

"खुशाल पाठवा," सरकारी वकील खुर्चीत रेलून म्हणाले. "मुंबईवाले वेगळं काय सांगणार?"

"कायद्याला धरून आहे," मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले. "दाखल्याशिवाय शिक्षा नाही. भिकन, मुद्देमालाला लाख लाव."

भिकननं मेणबत्ती पेटवली, हिरवी बाटली उचलली, हलवली, पेल्यावर उलटी धरून जरा वाट पाहिली आणि विचारलं, "साहेब, लाख बाटलीला लावू की आबांना?"