वलणीवरचं लुगडं

कुशाबाई चिखलीला माहेरी तापानं गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी पिंपरीच्या कारखान्यात रजा मागत होतो. तिला मुंबई दाखवायची होती. चौपाटी पाहायची, राणीच्या बागेत हत्तीला शेंगा चारायच्या आणि नावेनं घारापुरीला जायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मुंबईसाठी घेतलेलं तिचं हिरवं लुगडं मी वलणीवर तसंच ठेवलं.

तेराव्यानंतर एका सकाळी त्याचा काठ ओला दिसला. झटकला तर वाळू पडली. दुसऱ्या सकाळी पदराच्या गाठीत शेंगांची टरफलं होती.

शेजारची रतनबाई म्हणाली, "भावजी, बाई गेली तरी तिचं लुगडं रोज धुताय व्हय?"

"मी न्हाई धूत."

तिनं काठाला बोट लावून जिभेवर ठेवलं. "खारट हाय," म्हणाली आणि घरी गेली. परत आली नाही.

मला मात्र बरं वाटलं. भाकरी गोड लागू लागली.

आज उठलो तर माझं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं, आणि तळपायांना वाळू होती.

आता घारापुरी तेवढी राहिली आहे.