एका बोटाचं अंतर

“मूठ सोड! मुठी गल्लीतल्या गुंडांनी आवळाव्यात,” मास्तर नव्या विद्यार्थ्यावर खेकसला आणि त्याची बोटं एकेक करून उलगडली. “उघडा पंजा. बोटं मागे, मनगट वाकलेलं, आणि तळहाताचा हा मनगटालगतचा जाड भाग पुढे. नाकाखाली बसला ना, तर समोरचा स्वतःचं नाव विसरेल. पण बसू द्यायचा नाही. एक बोट अलीकडे थांबवायचा. थांबवता येत नसेल तर उद्यापासून घरी बसून भाजी निवड.”

वर्ग हसला. मास्तर हसला की वर्गाने हसायचं, असा तिथला रिवाजच होता. टायरच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत, आरशासमोर उभा राहून, मास्तर रोज संध्याकाळी जगाला तुच्छ लेखत असे. जग त्यासाठी फी भरत असे आणि वर नमस्कारही करत असे.

आज त्याच्या तुच्छतेला घरचंच गिऱ्हाईक मिळालं होतं. दाराजवळच्या बाकावर त्याची मुलगी बसली होती. पायाशी बॅग. ती सकाळीच सासरहून आली होती आणि उंबऱ्यातच म्हणाली होती, “बाबा, तो मला मारतो.”

“कोण, तो?” मास्तरला खरंच हसू आलं होतं. “कुठे मारलं, दाखव. वळ दाखव. ओरखडा दाखव.” तिच्या अंगावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. ती पुढे काही सांगणार होती, पण मास्तरने हात वर केला. त्याच्या घरात बोलणं असंच संपत असे. “माझ्या डोळ्यांदेखत तयार झालेला हात आहे तो. आजवर कुणाच्या नाकाला नखसुद्धा लागू दिलं नाही त्याने. पटत नसेल तर पटत नाही म्हण, उगाच कुभांड रचू नकोस.”

त्यातून पोरीची ही नवी मिजास. सकाळपासून दोनदा हाक मारली, तर तिने मानही वळवली नाही. लग्न झालं आणि बापाला ओ द्यायची लाज वाटायला लागली, असं मास्तरने मनाशी ठरवून टाकलं. ठरवायला त्याला कधीच वेळ लागत नसे.

जावई आला. कडक इस्त्रीचा शर्ट, दारातच बूट काढून नीट जोडून ठेवलेले. आधी मॅटला वाकून नमस्कार, मग मास्तरला. बायकोकडे त्याने पाहिलंही नाही. “मास्तर, तुम्हाला उगाच त्रास झाला,” तो हळू आवाजात म्हणाला. “तिचं हल्ली असंच चाललंय. काही सांगायला गेलं की ऐकतच नाही.”

मास्तरचा ऊर भरून आला. हा त्याचा पट्टशिष्य. लग्नात लोकांनी मिक्सर दिले, भिंतीवरची घड्याळं दिली. मास्तरने जावयाला एक वार दिला होता. दुसऱ्या कुणाला तो त्याने शिकवला नव्हता आणि शिकवणारही नव्हता. लायक माणसालाच द्यायची चीज आहे, असं तो चारचौघांत फुशारकीने सांगे. कुठला वार, ते मात्र सांगत नसे.

“ऐका रे सगळे,” मास्तरने टाळी वाजवली. “आमच्या कन्येचं म्हणणं आहे, जावईबापूंना हात आवरत नाही. आता तुम्हीच बघा. हात थांबला, तर बाईसाहेब बॅग उचलतील, नवऱ्याबरोबर निघतील, आणि हा विषय माझ्या घरात पुन्हा निघणार नाही. ये गं, उभी राहा.”

ती उठली नाही. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने खांद्याला हात लावला, तेव्हा दचकून उठली. मॅटवर येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली, मान जराशी तिरकी करून.

“सरळ बघ! वाकडी मान कसली?” मास्तर म्हणाला. “आणि डोळे मिटायचे नाहीत. भित्र्यांची मला चीड आहे.”

जावयाने श्वास घेतला. कंबर वळली, खांदा आला, मागोमाग पंजा सुटला. आरोळीने खिडकीच्या काचा थरथरल्या. तळहात तिच्या नाकासमोर थांबला. मध्ये बरोबर एका बोटाचं अंतर. हात एवढासुद्धा हलत नव्हता. एखाद्या पुस्तकात चित्र म्हणून छापावा इतका देखणा वार होता तो.

टाळ्या पडल्या. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. “अहो ताई, नाक तर उघडंच टाकलंत की!”

आता सगळेच हसले. ती गुडघ्यांत वाकली होती. डोळे घट्ट मिटलेले, हनुवटी छातीला टेकलेली. दोन्ही हात तिने एकावर एक ठेवून डाव्या कानावर गच्च दाबून धरले होते.

“अगं वेडे, वार येतोय नाकावर आणि तू...” मास्तर हसत म्हणाला, आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. वर्ग थोडा वेळ तसाच हसत राहिला. मास्तर हसत नाही, हे लक्षात आल्यावर गप्प झाला.

जावयाने हात खाली घेतला. तो घाईने बाकाकडे गेला आणि त्याने बॅग उचलली. “चल, निघू या.”

“ठेव ती,” मास्तर म्हणाला. त्याने आपल्याला अरेतुरे केलं, हे जावयाला कळायला एक क्षण लागला.

मास्तर मुलीच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. “बाळ,” त्याने हाक मारली. ती हलली नाही. “बाळ, अगं,” तो जरा मोठ्याने म्हणाला. ती समोर आरशातच बघत राहिली, आणि बापाचे ओठ हलताहेत हे तिथे दिसलं, तेव्हा कुठे वळली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दार लावून घेऊन, त्याने जावयाला दिलेला तो वार अंगावर खूण न ठेवणारा होता. डाव्या कानावरचा.